बिब्याच्या खिंडीचा पावलपाठ

आठवी ब च्या मुलांनी खडकमाळला जायचा रस्ता कागदावर काढला आणि झाडून सगळ्यांचा रस्ता बिब्याच्या झाडापाशी येऊन थांबला.

शेलारबाईंना आधी वाटलं, कॉपी. आयुष्यभर भूगोल शिकवल्यावर माणसाला पहिला संशय तोच येतो. पण कॉपी करणारी मुलं एकमेकांच्या चुकाही उचलतात आणि इथे तर चुका नव्हत्याच. भिवऱ्याचा बाजारतळ, ओढ्यावरचा फरशीपूल, चिकणेवाडीची पाण्याची टाकी, मग डोंगराची चढण, तिची वळणं नेमकी ज्या बाजूला आहेत त्याच बाजूला, खिंडीतला उघडा कातळ आणि त्यावर वाकलेलं बिब्याचं झाड. एखाद्या मोजणीदाराने काढावा असा नकाशा. पुढे मात्र कोरा कागद. काही हुशारांनी त्या कोऱ्या जागेत दिशेचा बाण आणि सूची बसवून टाकली होती, म्हणजे जागा वाया गेली असं कुणी म्हणायला नको.

खडकमाळ कुठे आहे, असं बाईंनी विचारलं तेव्हा सगळ्यांचे हात वर झाले. खिंड ओलांडून खाली उतरलं की खडकमाळ, तिथे दहावीपर्यंतची शाळा, हे प्रत्येकाला माहीत होतं. मग काढलं का नाही, यावर मात्र वर्ग बाकाकडे बघायला लागला.

शेवटी ओवी चिकणे उभी राहिली. ती चिकणेवाडीची, म्हणजे खिंडीच्या अगदी पायथ्याची. "रस्ता हाय बाई पुढं. पण काढू वाटंना. तिथं कायतरी वाईट झालंय."

"काय वाईट?"

"ते न्हाई माहीत. कुणीतरी गेलंय तिथं, असं वाटतंय. आपलं कुणीतरी."

बाईंनी तिला बसायला सांगितलं आणि तास संपायला अवकाश होता तरी सगळ्यांना वह्या मिटायला लावल्या.

आता पावलपाठ म्हणजे काय ते सांगायला हवं. भूगोल शिकवायच्या तऱ्हा आपल्याकडे इतक्या झाल्या की त्यांचाच एक इतिहास लिहावा. बाईंच्या आईच्या पिढीने नद्या आणि उपनद्या पाढ्यांसारख्या म्हटल्या. बाईंनी स्वतः शाळेत प्लॅस्टिकच्या साच्याने भारताची बाह्यरेषा काढून पंजाबात गहू आणि कोकणात भात पेरला. पुढे वर्गात पडदा आला, पडद्यावर फिरणारी पृथ्वी आली. दर वेळी शिक्षकांच्या प्रशिक्षणात सांगितलं गेलं की आता घोकंपट्टी संपली, आणि दर वेळी मुलांनी नव्या गोष्टीचीही व्यवस्थित घोकंपट्टी करून दाखवली. पावलपाठ आला तेव्हा मात्र खरोखरच काहीतरी बदललं.

आपण एखाद्या जागेतून चालतो तेव्हा मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस नावाच्या भागात काही पेशी ठरावीक ठिकाणीच जाग्या होतात. दारापाशी एक, अंगणात दुसरी, विहिरीपाशी तिसरी. या स्थानपेशी. त्यांच्या शेजारच्या पेशी चाललेलं अंतर आणि दिशा यांचा हिशेब ठेवतात. दोन्ही मिळून डोक्यात जागेचा नकाशा तयार होतो, म्हणून तर अंधारातही माणूस स्वतःच्या घरात ठेचकाळत नाही. हे शास्त्रज्ञांना पूर्वीपासून ठाऊक होतं. नवं एवढंच झालं, की या पेशींच्या जागं होण्याचा क्रम कवटीला धक्का न लावता कपाळावरच्या पट्ट्याने टिपता यायला लागला, आणि कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनीच्या हलक्या स्पंदांनी तोच क्रम दुसऱ्याच्या डोक्यात जागवता यायला लागला. एकाच्या पेशी दुसऱ्यासारख्या नसतात, तेव्हा मध्ये यंत्राने दुभाष्याचं काम करायचं. मूल पट्टा बांधून आडवं होई, डोळ्यांपुढून चित्रं सरकत, जराशी गुंगी येई, आणि उठल्यावर त्याला ती जागा आठवे. पाहिल्याची आठवण नव्हे, चालल्याची.

या पाठाने शाळांचं रूप पालटलं हे कबूल करायला हवं. आठवी ब मधल्या निम्म्या मुलांनी पुणं पाहिलं नव्हतं, पण अ‍ॅमेझॉनच्या काठी चिखल कुठे निसरडा होतो ते ती सांगत. सहाराचं वाळवंट शिकवताना मुलं पोटऱ्या चोळत. जवळून दूर जावं, या जुन्या रीतीला धरून प्रत्येक मुलाला पहिला पावलपाठ स्वतःच्या तालुक्याचा मिळे, आणि तो सहावीतच; पाठ नवा आला त्या वर्षी वरच्या वर्गांनाही.

नियम असा होता की कुठल्याही पाठासाठी दहा वेगवेगळ्या माणसांनी पट्टा बांधून तो रस्ता चालायचा. कारण माणूस चालतो तेव्हा नुसता रस्ता टिपत नाही. कुणाला एखाद्या वळणावर कुत्रं चावलेलं असतं, कुणाचं एखाद्या घरासमोर लग्न जमलेलं असतं. दहा जणांची चाल एकावर एक ठेवली की प्रत्येकाचं खासगी ते पुसट होतं आणि सगळ्यांचं सारखं ते उरतं. तेच भूगोल म्हणून मुलांना द्यायचं.

भिवरे तालुक्याचा पाठ करायची वेळ आली ती नेमकी जनगणनेच्या धामधुमीत. शिक्षक म्हटल्यावर जनगणना आलीच. तालुक्यातले एकूण एक गुरुजी दारोदार फिरून माणसं, म्हशी आणि मोबाईल मोजत होते. मोकळ्या होत्या फक्त शेलारबाई, कारण त्यांना त्या वर्षी आदर्श शिक्षिकेचा पुरस्कार मिळाला होता आणि अशा बाईला दारोदार कसं पाठवायचं, असं तालुक्याच्या शिक्षणाधिकारी साहेबांना वाटलं. दहा चाली हव्यात ना, मग बाईंनाच दहा वेळा चालू द्या, हा तोडगा साहेबांचाच. त्यात कुणाला काही खटकलं नाही. बाईंइतका तालुका पायाखाली घातलेलं दुसरं होतं तरी कोण? बाई दहा वेळा चालल्या, शाल आणि नारळ घेऊन घरी आल्या, आणि त्यांचे यजमान विलासराव म्हणाले की आता तालुक्यातली सगळी पोरं तुझ्यासारखी भराभर चालायला लागणार, आईबापांचे हाल आहेत.

दहाही वेळा बाई बिब्याच्या खिंडीतून मागे वळल्या होत्या. गुडघा दुखतो, असं त्यांनी सांगितलं. पलीकडचा उतार ड्रोनने टिपून चित्रांत भरला. तो मुलांना दिसत होता, पण त्यांच्या पायांत उतरला नव्हता.

गुडघा बाईंचा ठणठणीत होता. खडकमाळ हे त्यांचं माहेर. वडील, म्हणजे आबा, घाडगे गुरुजी, आयुष्यभर तिथल्याच शाळेत भूगोल शिकवत होते, आणि त्यांच्या मागे थोरली मुलगी उज्ज्वला त्याच शाळेत लागली. तिने लग्न केलं नाही, आबांना आणि शाळेला धरून राहिली. धाकटी वैजयंता शिकून तालुक्याला आली आणि शेलारांची झाली. आबांचा दमा शेवटी फार वाढला तेव्हा मला इथेच असू द्या, असं ते म्हणत होते. उजूताईचंही तेच म्हणणं. वैजयंताने मात्र ऐकलं नाही. अंगणात बहिणीशी वाद घालून तिने आबांना जीपमध्ये घातलं आणि शहरातल्या मोठ्या दवाखान्याचा रस्ता धरला. जीप जवळच्या कच्च्या वाटेने खिंडीपर्यंत पोचली. बिब्याच्या झाडापाशी आबांनी खिडकीतून बाहेर पाहिलं, आणि संपलं.

दिवसांचे विधी सुरू असताना उजूताई सगळ्यांसमोर म्हणाली, "तू त्यांना त्यांच्या अंथरुणातसुद्धा मरू दिलं नाहीस." त्यानंतर दोघी बहिणी बोलल्या नाहीत. वैजयंता खिंडीपलीकडे गेली नाही.

हे सगळं तालुक्यात फार थोड्यांना माहीत होतं. आणि आता सहावीच्या पुढच्या प्रत्येक मुलाच्या पायांना माहीत होतं.

मधल्या सुट्टीत बाईंनी ओवीला बाजूला घेतलं. चिकणेवाडीहून खडकमाळची शाळा खिंड चढून अर्ध्या तासावर, मग ती आठवीला तिकडे न जाता पहाटे उठून एसटीने भिवऱ्याला का येते, असं विचारलं. ओवीने सरळ सांगितलं. जूनमध्ये वाडीतली सगळी पोरं नाव घालायला निघाली होती. बिब्यापाशी बसली, डबे खाल्ले आणि परत आली. घरी सांगितलं, शाळा बरी नाही. खालच्या तिन्ही वाड्यांत हेच झालं होतं. आईबापांना वाटलं, पोरांना तालुक्याची हवा लागली.

खडकमाळच्या शाळेचा पट सातवर आला होता. येत्या जूनपासून ती बंद करून भिवऱ्याच्या शाळेत मिळवायची, असं घाटत असल्याचं मुख्याध्यापकांनी बाईंना चहा पिता पिता सांगितलं, आणि बाईंचं माहेर तिकडचं आहे हे आठवून ते ओशाळले. दोन वर्षं पट घसरत होता आणि बाईंनी मनात धरलं होतं, की उजूताईला काही शाळा चालवता येत नाही. घरी आल्यावर त्या न जेवता बसून राहिल्या. राग आला तर तो कुणावर काढावा हेही समजेना, कारण जो सापडत होता तो माणूस त्या स्वतःच होत्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुण्याच्या संस्थेत तन्मयी काळसेकरला फोन लावला. पाठ तयार करताना पट्टा बांधायला हीच मुलगी यायची. तन्मयी दोन दिवसांनी आली ती जुनी टिपणं घेऊनच आली आणि शाळेच्या प्रयोगशाळेत तिने बाईंच्या दहा चाली पडद्यावर एकाखाली एक मांडल्या. प्रत्येकीत खिंडीजवळ रेघ एकाच जागी उसळली होती.

"दहा माणसं असती तर दहा जणांच्या दहा भीत्या दहा ठिकाणी पडल्या असत्या आणि पुसल्या गेल्या असत्या," ती म्हणाली. "एकच माणूस दहा वेळा चाललं की तीच भीती दहा वेळा त्याच जागी पडते. ती पुसली जात नाही, कोरली जाते. आमच्या यंत्राला वाटलं, इतक्या जणांना इथे वाईट वाटतंय म्हणजे ही त्या जागेचीच गोष्ट असणार. डोंगर असतो तशी." मग तिने विचारलं, "बाई, तिथे काय आहे?"

बाईंनी सांगितलं. तन्मयी खिशात हात घालून ऐकत राहिली.

नुसती भीती कापून काढता येत नाही, हे तिने समजावून दिलं. ती वेगळी ठेवलेली नसते, रस्त्यातच मुरलेली असते. तेवढा तुकडा कापला तर मुलांच्या डोक्यात खिंडच राहणार नाही. मात्र एक सोय होती. आठवण म्हणजे कुलूप लावून ठेवलेली वस्तू नव्हे. ती दर वेळी काढली की थोडा वेळ ओल्या मातीसारखी मऊ पडते आणि त्या वेळात तिच्यावर नवं काही उमटू शकतं, मग ती पुन्हा वाळते. मुलांना खिंडीची आठवण जागी करून लगेच नवी चाल दिली, खिंड ओलांडून खडकमाळपर्यंत निवांत गेलेली, तर जुनी भीती विरेल. दहा माणसं गोळा करून नवा पाठ करायला वर्ष जाईल. पण बाईंच्याच चालीवर बाईंचीच दुसरी चाल आठवड्यात बसवता येईल.

"फक्त तुम्हाला तिथून चालत जावं लागेल."

"जाईन की," बाई म्हणाल्या. "त्यात काय आहे."

बाईंना स्वतःवर फार भरवसा होता. वर्गात पोटात कळ आली तरी त्यांच्या चेहऱ्यावर कधी दिसलं नव्हतं. पट्टा बांधून त्या चिकणेवाडीतून निघाल्या. तन्मयी मागे अंतर राखून चालत होती. चढण नेहमीसारखी झाली. खिंडीत पाऊल पडलं तशा बाई मनात सह्याद्रीच्या उत्तरेकडून दक्षिणेकडच्या शिखरांची नावं म्हणायला लागल्या. झाडाकडे त्यांनी पाहिलं नाही. कातळावरून उतरून त्या पलीकडच्या वाटेला लागल्या, मान ताठ, पावलं एकसारखी. शाळेचं कौलारू छप्पर दिसायला लागलं. आणि मग खालून उजूताईचा आवाज आला, कुणाला तरी हाक मारत असलेला, थेट आबांसारखा. बाई जागच्या जागी थांबल्या आणि मागे फिरल्या.

तन्मयीने पट्टा सोडवला आणि ती हातातल्या पडद्याकडे बघत राहिली. बाईंनीच विचारलं तेव्हा म्हणाली, "वाढलंय. आधी फक्त झाडापाशी होतं, आता शाळेपर्यंत गेलंय. तुम्ही चेहरा सांभाळलात, पण पट्टा चेहऱ्याला बांधलेला नसतो ना."

ही चाल मुलांना द्यायची नाही हे दोघींनाही न बोलता समजलं. तन्मयी वाडीकडे उतरून गेली. बाई एकट्या कातळावर बसल्या. खाली एका बाजूला ओवीची वाडी दिसत होती, दुसऱ्या बाजूला माहेर. हसू यावं अशी गोष्ट होती. सगळ्या जगाचा भूगोल मुलांना देणारी बाई अर्ध्या तासाचा रस्ता पुरा करू शकत नव्हती. आबांनी हे पाहिलं असतं तर काय म्हटलं असतं, हे त्यांना नेमकं ठाऊक होतं. ते म्हणाले असते, पट्टा काढलायस ना, मग आता जा.

बाई उठल्या आणि पट्ट्याशिवाय खाली उतरल्या.

शाळेच्या अंगणात सात मुलं उकिडवी बसली होती. त्यांनी मातीचा अख्खा तालुका केला होता. मध्ये डोंगराची रांग, तिला खिंडीची खाच, अलीकडे पलीकडे ओढे. उजूताई तांब्याने डोंगरावर पाणी सोडत होती आणि पाणी कुठे जातंय ते बघा, नाव मग सांगा, असं बजावत होती. आबा असंच शिकवत. आधी पाणी, मग नाव. तिचे केस पार पांढरे झाले होते, हे वैजयंताला माहीतच नव्हतं.

उजूताईने मान वर करून पाहिलं. तांब्या खाली ठेवला आणि मुलांना म्हणाली, हात धुवा आणि आत जा. मग घरात जाऊन तिने पाणी आणून दिलं. वैजयंता ते उभ्यानेच प्यायली.

बराच वेळ शाळेबद्दलच बोलणं झालं. पावलपाठाचं ऐकून उजूताई चक्रावली. पट का घसरला याची ती दोन वर्षं कारणं शोधत होती. तिने वाड्यांवर जाऊन आईबापांच्या विनवण्या केल्या होत्या, स्वतःच्या शिकवण्यात खोट धरली होती. आता तिच्या लक्षात आलं की पोरांच्या पायांत तिची बहीण होती. ती रागावेल असं वैजयंताला वाटलं होतं. ती हसायला लागली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"वैजू, मी तरी कुठं त्या खिंडीत पाय टाकलाय? भिवऱ्याला यायचं झालं तर मी खालच्या सडकेनं दोन एसट्या बदलून येते. वाड्यांवरसुद्धा तशीच फिरून जाते. पोरांना म्हणते, पाय दुखतात."

"मी गुडघा म्हणते," वैजयंता म्हणाली.

दोघी पायरीवर बसल्या. मग जे विचारायचं होतं ते वैजयंताने विचारून टाकलं. "मी त्यांना नेलं नसतं तर, ताई?"

उजूताई अंगणातल्या मातीच्या डोंगराकडे बघत राहिली. "तर मी तुला म्हणाले असते, का नाही नेलंस. कुणाला तरी म्हणायचं होतं मला. तू समोर होतीस."

वैजयंता रडली. उजूताईने तिला रडू दिलं, मग स्वयंपाकघरात जाऊन पिठलं टाकलं.

त्या दिवशी पट्टा तन्मयीबरोबर वाडीत गेला होता म्हणून ही चाल कुठेच टिपली गेली नाही. तन्मयीला फोनवर सगळं कळलं तेव्हा तिला त्याची हळहळ वाटली. मग तीच म्हणाली, की बसल्या जागी दिलेल्या चालीपेक्षा स्वतःच्या पायांनी घेतलेली चाल कितीतरी पक्की बसते. मुलांनाच तिथे न्या. झाडापाशी आठवण आपोआप जागी होईल, मऊ पडेल. पुढे तिच्यावर काय उमटेल ते तुमच्यावर आहे. फक्त तुम्ही काही लपवू नका, मुलांना ते आतून समजतं.

साहेबांनी आधी कपाळाला हात लावला. एकाच बाईंना दहा वेळा चालवायची कल्पना कुणाची, याची चर्चा होऊ नये अशी त्यांची इच्छा होती. बाईंनी ती चर्चा करायची नाही असं कबूल केलं, पण त्या बदल्यात आठवी ब ची क्षेत्रभेट मागून घेतली. शाळेचं काय, या प्रश्नावर साहेब म्हणाले, पोरं दाखवा, मी कागद थांबवतो.

क्षेत्रभेटीचा दिवस उजाडला. बाईंनी चिकणेवाडीच्या टाकीपाशी मुलं मोजली, प्रत्येकाची पाण्याची बाटली भरलेली आहे ना ते पाहिलं आणि चढायला सुरुवात केली. मुलं बडबडत, ढकलाढकली करत चढत होती. खिंड जवळ आली तशी बडबड कमी झाली. कातळावर पोचल्यावर सगळा वर्ग झाडाच्या अलीकडे येऊन थांबला. कुणी सांगितलं नव्हतं. काहींनी दप्तरातून डबेही काढले.

बाई झाडाखाली जाऊन उभ्या राहिल्या.

"इथे माझे वडील गेले," त्या म्हणाल्या. "जीपमध्ये, माझ्या मांडीवर. म्हणून मला ही जागा नको वाटायची. तुम्हाला दिलेला पाठ मी चालले होते, त्यामुळे माझं वाटणं तुमच्यात आलं. ते माझं आहे, तुमचं नाही. तुमचं इथे कुणी गेलेलं नाही."

ओवीने हळूच विचारलं, "ते काय करायचे, बाई?"

"भूगोल शिकवायचे. दर वर्षी मुलांना इथेच आणायचे. का ते आता बघा."

तेवढ्यात पलीकडच्या उतारावरून माणसांचे आवाज आले. उजूताई चढून येत होती, धापा टाकत, पदर खोचलेला, आणि मागे तिची सात मुलं दोन हंडे आणि एक कॅन घेऊन. शेवटच्या चढावर ती थांबली. तिने झाडाकडे पाहिलं. वैजयंता चार पावलं खाली उतरून गेली आणि तिने बहिणीचा हात धरला. दोघी वर आल्या.

उजूताईने हंडा कातळाच्या मधोमध ठेवायला लावला. ही डोंगराची रांग म्हणजे जलविभाजक, हे पुस्तकात सगळ्यांनी वाचलं होतं, परीक्षेत व्याख्याही लिहिली होती. तिने व्याख्या विचारली नाही. पाणी कुठं जातंय ते बघा, नाव मग सांगा, एवढंच म्हणाली आणि हंडा कलंडवला.

पाणी कातळावर पसरलं, क्षणभर थबकलं आणि दोन्हीकडे फुटलं. अर्धं चिकणेवाडीकडे निघालं, अर्धं खडकमाळकडे. मुलं पुढे सरसावली. वाडीकडचं पाणी ओढ्याने नीरेत जाणार, नीरेतून भीमेत, हे कुणीतरी ओरडून सांगितलं. खडकमाळकडचं कृष्णेत, असं सातातला एक जण म्हणाला. मग कुणाचं पाणी लांब जातंय यावरून जुंपली. बाटल्यांची झाकणं उघडली गेली. भीमेवाले इकडे ओतायला लागले, कृष्णेवाले तिकडे. पलीकडच्या बाजूचा कातळ जास्त उतरता होता, तिथलं पाणी झरझर निघालं आणि एका खोबणीत शिरून वाटेला लागलं. ते बघायला तिघं पळाले, मग पाच, मग भीमेवालेही आपला पक्ष सोडून पळाले, कारण हरणारं पाणी कुणाला बघायचं असतं?

"आणि पुढं? दोन्ही पाण्यांचं पुढं काय होतं?" उजूताई मागून ओरडत होती.

"भेटतात!" उतारावरून उत्तर आलं. "रायचूरपाशी!"

बाईंनी बहिणीकडे पाहिलं नाही, कारण पाहिलं असतं तर पुन्हा रडू आलं असतं आणि आठवी ब समोर ते बरं दिसलं नसतं. त्या मुलांच्या मागे उतरायला लागल्या. पाणी केव्हाच मातीत जिरलं होतं, पण पोरं थांबायला तयार नव्हती. शाळेचं छप्पर दिसेपर्यंत सगळी खाली पोचली होती. फक्त ओवी वाटेत एका धोंड्यावर उभी राहून खिंडीकडे बघत होती.

"एवढंच हुतं व्हय?" ती स्वतःशीच म्हणाली. मग मागून येणाऱ्या उजूताईला तिने विचारलं, "बाई, नववीला जागा हाय का हितं?"

"जागाच जागा आहे," उजूताई म्हणाली.

शाळेच्या फाटकाशी शेलारबाई थांबल्या. क्षेत्रभेटीत दर ठिकाणी मुलं मोजायची त्यांची सवय होती, आणि एखादं रेंगाळणारं पोर नेहमी मागे राहिलेलं असे. त्यांनी वळून वर खिंडीत, बिब्याच्या झाडाकडे पाहिलं. तिथे कुणीच राहिलं नव्हतं.